खंगलेलं हरीण

वनखात्याने पकडलेल्या शिकारीत एखादं हरीण फारच रोड निघालं, की पंचनाम्याच्या जागी जमलेल्यांपैकी कोणीतरी म्हणतंच, "ते आजारीच असणार." कोणी हे कळवळ्याने म्हणतं. कोणी बचाव म्हणून म्हणतं, कारण नाहीतरी मरणारच होतं, मग मारलं तर काय बिघडलं, असा त्यामागचा हिशोब असतो. बोलणारा कोणीही असो, त्याने बरगड्या पाहिल्या आणि रोग ठरवला. या प्रकरणात आपल्याला नेमकी हीच उडी तपासायची आहे. हरीण रोड होतं, हे डोळ्यांना दिसतं. ते आजारी होतं की नाही, हे ठरवायला मात्र त्याची पाठ, दात, पोट, फुफ्फुसं आणि मांडीच्या हाडाची नळी, इतकं सगळं पाहावं लागतं.

आधी कायद्याची बाजू. 1972 हे साल मराठवाड्यात दुष्काळाचं म्हणून लक्षात राहिलं आहे. वन्यजीव संरक्षण कायदाही त्याच वर्षी झाला. काळवीट आणि चिंकारा हे दोन्ही प्राणी त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कलम 9 प्रमाणे त्यांची शिकार हा गुन्हा आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद आणि किमान 25 हजार रुपये दंड आहे. कलम 39 प्रमाणे मेलेलं हरीण आणि त्याचं मांस सरकारची मालमत्ता ठरतं. रोगाचा प्रश्न थेट येतो तो कलम 11 मध्ये. प्राणी बरा होण्यापलीकडे जायबंदी किंवा रोगग्रस्त झाला असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक कारणं नमूद करून, लेखी आदेशाने त्याला मारण्याची परवानगी देऊ शकतात. म्हणजे 'रोगग्रस्त' ठरवण्याचा अधिकार कायद्याने एका पदावर ठेवला आहे, आणि तिथेही कारण लिहून द्यावं लागतं. माळावर कुत्री घेऊन फिरणाऱ्याला किंवा वाघर, म्हणजे शिकारीचं जाळं, लावणाऱ्याला तो अधिकार नाही.

बीड जिल्ह्यात हरीण म्हटलं की बहुतेक वेळा काळवीट, नाहीतर चिंकारा. गोदाकाठच्या गेवराई-माजलगावच्या काळ्या रानात काळविटांचे कळप हरभऱ्यात, ज्वारीत उतरतात. बालाघाटाच्या अंगाने पाटोदा, आष्टी, शिरूर कासारच्या मुरमाड माळांवर चिंकारा दोन-तीनच्या टोळीने फिरतो. पाटोदा तालुक्यातलं नायगाव मयूर अभयारण्य 1994 मध्ये जाहीर झालं. ते मोरांसाठी ओळखलं जात असलं, तरी त्या टेकड्या हरणांच्याही आहेत. शिवाय जिल्ह्यातली बरीच हरणं कोणत्याही अभयारण्यात राहत नाहीत. ती शेतकऱ्यांच्या बांधावर, गायरानात आणि पडीक रानात राहतात. जिथे शेळ्या-मेंढ्या चरतात तिथेच चरतात, त्याच तळ्यावर पाणी पितात. रोगाचा विचार करताना हे शेजारपण सतत ध्यानात ठेवावं लागतं.

दुसरी गोष्ट नात्याची. सांबर आणि चितळ यांची शिंगं दर वर्षी गळतात आणि नव्याने फुटतात. काळवीट-चिंकाऱ्याची शिंगं आयुष्यभर टिकतात, कारण ते शेळी-मेंढीच्या कुळातले आहेत. हा फरक पुस्तकी नाही. कोणता रोग शोधायचा, हे त्यावर ठरतं. बीडच्या हरणाचा आजार ओळखायचा तर बहुतेक वेळा धनगराच्या कळपातल्या रोगांची यादीच आधी हाताशी घ्यावी लागते.

धनगराकडून शिकण्यासारखं आणखीही आहे. नेकनूरच्या बाजारात शेळी घेणारा माणूस तिच्या नुसत्या पोटाकडे पाहून सौदा करत नाही. तो कमरेवर, शेवटच्या बरगडीच्या मागे, अंगठा आणि बोटांनी कणा चाचपतो. कण्याचे मणके गोल लागले तर जनावर भरलेलं, टोकदार लागले तर उतरलेलं, आणि मणक्यांच्या बाजूच्या आडव्या हाडांखाली बोटं सहज शिरली तर पार खंगलेलं. पशुवैद्यक हीच चाचणी एक ते पाच गुणांत मांडतात. पोट फसवतं, कण्याजवळची ही जागा फसवत नाही. कोटीपोट, म्हणजे रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पोटाचा पहिला मोठा कप्पा, निकस काडीकचऱ्याने किंवा प्लॅस्टिकने गच्च भरलेलं असू शकतं, आणि जनावर तरीही उपाशी असतं. पूर्ण वाढलेला काळवीट नर साधारण 35 ते 45 किलोचा, चिंकारा त्याच्या जवळपास निम्मा. मुळातच सडपातळ बांध्याच्या चिंकाऱ्याला पाहून नवखा माणूस त्याला रोड समजतो, हेही होतं.

कणा हाताला लागला, म्हणजे नक्की काय समजलं? माझ्या मते फक्त काळ समजला. या जनावराच्या अंगात येणाऱ्यापेक्षा अंगातून जाणारं बरेच दिवस जास्त होतं, एवढंच. का जास्त होतं, ते अजून कळलेलं नाही.

मात्र किती दिवस आणि किती खोलवर, हे शरीर बऱ्यापैकी सांगतं, कारण चरबी उतरण्याचा क्रम साधारण ठरलेला असतो. आधी पाठीवरची कातडीखालची चरबी जाते. मग पोटातल्या चरबीचा पडदा विरतो, मूत्रपिंडाभोवतीचा थर पातळ होतो. हृदयावरच्या खाचेतली चरबी बराच काळ टिकते, आणि सगळ्यांत शेवटी हात लागतो तो हाडाच्या मज्जेला. न्यूझीलंडच्या डोंगरांतल्या लाल हरणांवर काम करताना थेन रायनी यांनी 1955 मध्ये मूत्रपिंडाच्या वजनाशी त्याभोवतीच्या चरबीचं वजन ताडून पाहण्याची पद्धत मांडली. ती आजही वापरात आहे. त्याआधी 1949 मध्ये अमेरिकेत ई. एल. चीटम यांनी मांडीच्या हाडाची मज्जा हे उपासमारीचं माप म्हणून सुचवलं होतं. धडधाकट मोठ्या हरणाचं मांडीचं हाड फोडलं तर आतली मज्जा थिजलेल्या तुपासारखी घट्ट आणि पांढरट-पिवळी दिसते. उपासमार टोकाला गेली की तीच लालसर, पारदर्शक, बुळबुळीत होते आणि हाडातून ओघळते. तिच्यातली चरबी संपून तिची जागा पाण्याने घेतलेली असते.

ही खूण जितकी बोलकी, तितकीच चुकीच्या हातात घातकी. पाडसाची मज्जा निरोगी असतानाही लाल असते, कारण त्या वयात ती रक्त तयार करत असते. शिवाय उपासाने मज्जा पातळ झाली की जुनाट रोगाने, हे मज्जा सांगत नाही. दोन्हींत ती तशीच दिसते. उलटं मात्र ठामपणे म्हणता येतं. मज्जा घट्ट आणि पांढरी असेल, तर बरगड्या कितीही दिसोत, ते हरीण खंगून मरणपंथाला लागलेलं नव्हतं. 'नाहीतरी मरणारच होतं' या बचावाला एवढंच एक हाड पुरेसं उत्तर देतं.

आता रोडपणाची अशी कारणं पाहू, ज्यांत रोगाचा संबंधच नाही. बीडमध्ये ती जास्त आहेत, असं मला वाटतं.

पहिलं कारण ऋतू. पाऊस सरला की माळावरचं कुसळ आणि पवना वाळतो आणि त्यातला कस उतरतो. रब्बीची ज्वारी, हरभरा, करडई उभी असेपर्यंत हरणांचं निभतं. मार्चनंतर रानं मोकळी होतात, आणि एप्रिल-मे हे महिने नुसती कुसळं आणि वेड्या बाभळीच्या शेंगा यांवर काढावे लागतात. पावसाने दगा दिलेल्या वर्षी रब्बी पेरलीच जात नाही. तेव्हा हरणं जानेवारीपासूनच उतरू लागतात. अशा वर्षी मे महिन्यात सापडलेलं रोड हरीण पाहून नवल वाटायला नको. त्या महिन्यात गुटगुटीत हरीण दिसलं तर मात्र ते कुठल्या बागायतीत चरत होतं याची चौकशी करावी.

दुसरं कारण वीण. काळवीट वर्षभर वितात, पण माजाचे दोन जोराचे काळ असतात. त्या काळात जागा धरून बसलेला नर चरणं जवळजवळ विसरतो. तो दिवसभर आपल्या तुकड्याची राखण करतो, लेंड्यांचे ढीग घालून हद्द दाखवतो, दुसऱ्या नराला पळवून लावतो, माद्यांमागे धावतो. माज ओसरेपर्यंत त्याची पाठ उतरते, रंगाची चमक जाते, कधी मानेवर आणि खांद्यावर शिंगांच्या जखमा असतात. असा नर जाळ्यात सापडला तर आजारी वाटतो. त्याला हवं असतं ते दोन महिने चरणं आणि विश्रांती. मादीचा हिशोब वेगळा. साधारण सहा महिने गर्भ, मग दूध, आणि बऱ्याचदा दूध आटतं न आटतं तोच पुन्हा गर्भ. कास भरलेली मादी हाडं दाखवत असेल तर त्यात रोगाचं काही नाही.

तिसरं दात. शेळीचं वय दोनदाती, चौदाती, सहादाती, जुळलेली असं सांगतात. हरणाचंही खालच्या पुढच्या दातांवरून तसंच कळतं. पण म्हातारं हरीण खंगतं ते दाढांमुळे. दहा-बारा वर्षं मुरमाड माती लागलेलं गवत चावून दाढा सपाट होतात, कुठे वाकड्या झिजतात, कुठे पडतात. मग कोटीपोटात लांब, न चावलेल्या काड्या सापडतात. अशा प्राण्याचं शवविच्छेदन करताना तोंड पुरतं उघडून न पाहिलेला अहवाल अपुराच म्हणावा लागेल.

आणि जखमा. काही महिन्यांपूर्वी तारेच्या फाशातून सुटलेलं, कुत्र्यांनी लचका तोडलेलं, रस्त्यावर वाहनाची धडक बसलेलं हरीण तीन पायांवर जगत राहतं. कळप पुढे जातो, हे मागे. शिरूर कासार तालुक्यातल्या तागडगावला सर्पराज्ञी हे वन्यजीवांच्या शुश्रूषेचं केंद्र आहे; अशा ठिकाणी जखमी जनावरांची काळजी घेतली जाते. पण माळावरचं प्रत्येक जखमी जनावर तिथे पोचत नाही.

इथे शिकारीबद्दलची एक गोष्ट समजून घ्यायला हवी. कुत्र्यांनी किंवा वाघरीने पकडलेलं हरीण हे कळपाचा नमुना नव्हे. निरोगी काळवीट उघड्या माळावर गावकुत्र्यांच्या हाती लागणं अवघड. लागतं ते मागे पडलेलं. लांडग्याचंही तसंच. अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये प्यूमाने मारलेली हरणं आणि माणसांनी बंदुकीने मारलेली हरणं ताडून पाहिली, तेव्हा प्यूमाच्या शिकारीत मेंदूच्या रोगाने बाधित हरणांचं प्रमाण जास्त निघालं. म्हणून शिकारीत एक रोड हरीण सापडलं, यावरून 'हरणांत साथ आली आहे' असं म्हणता येत नाही. साथ आहे की नाही, हे जिवंत कळप पाहूनच कळेल.

एवढी कारणं बाजूला काढल्यावर रोग शोधायचा. सावकाश खंगवणाऱ्या रोगांत आमच्याकडे पहिला मान जंतांचा. त्यातही चौथ्या पोटात राहून रक्त पिणारा हिमोंकस. त्याची मादी दोन-तीन सेंटिमीटर लांब, लाल-पांढऱ्या पिळाची, नुसत्या डोळ्यांनी दिसणारी. हा जंत फार झाला की हिरड्या आणि डोळ्यांच्या आतल्या कडा पांढऱ्या पडतात, जबड्याखाली पाणी उतरून सूज लोंबते. धनगर मेंढीची खालची पापणी ओढून पाहतो ते यासाठीच. दक्षिण आफ्रिकेत 1990 च्या दशकात याच तपासणीला पाच रंगांच्या तक्त्याचं रूप मिळालं. 'फामाचा' हे त्याचं नाव, ते फाफा मलान या पशुवैद्यकाच्या नावावरून. मेलेल्या हरणात पापणीवर विसंबता येत नाही, कारण रक्तस्रावानेही ती पांढरी पडते; तिथे चौथं पोट उघडून जंत पाहावेत. थोडे जंत प्रत्येक रानटी जनावरात असतात. ते सापडणं आणि त्यांनी मरणं यात फरक आहे.

दुसरा जोन्स रोग. क्षयाच्या जंतूंच्या जवळच्या नात्यातला जंतू आतड्यात घर करतो, आतड्याची भिंत जाड होऊन तिला आडव्या वळ्या पडतात, आणि अन्न अंगी लागेनासं होतं. जनावर खात राहतं आणि खंगत राहतं. गाई-म्हशींत या रोगाने पातळ हगवण लागते. शेळ्या-मेंढ्यांत आणि त्यांच्या नातेवाइकांत ती बऱ्याचदा नसते, म्हणून शेण पाहून तो निसटतो. क्षयात फुफ्फुसांत आणि लसिका ग्रंथींत गाठी असतात. कापल्यावर आत दह्याच्या चोथ्यासारखा किंवा चुनखडीसारखा करकरीत पदार्थ लागतो. यकृतात आणि फुफ्फुसांत स्वच्छ पाण्याने भरलेल्या गाठी दिसल्या तर त्या कुत्र्याच्या पट्टकृमीच्या. त्या हरणाला क्वचितच मारतात, पण ते अवयव गावच्या कुत्र्यांना टाकले तर चक्र पुरं होतं आणि कुत्र्याच्या विष्ठेतून अंडी माणसापर्यंत येतात. या सगळ्यांत जनावर महिनोन्‌महिने उतरत जातं आणि मज्जा पातळ होते. रोडपणा हे ज्याचं खरंखुरं लक्षण म्हणता येईल, ते आजार हेच.

पण माणसाला आणि गावच्या गुरांना खरी धास्ती ज्यांची, ते रोग बऱ्याचदा हरणाला रोड होऊच देत नाहीत. या प्रकरणातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही आहे.

2015 च्या मे महिन्यात कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशात सैगा हरणं मरू लागली. सुमारे तीन आठवड्यांत दोन लाखांहून अधिक गेली. त्यांतल्या बहुतेक नुकत्याच व्यालेल्या, चरून भरलेल्या माद्या होत्या. कारण ठरलं पाश्चरेला मल्टोसिडा या जंतूने होणारा रक्तस्रावी आजार, म्हणजे आपल्याकडे गाई-म्हशींना होणाऱ्या घटसर्पाचा सख्खा भाऊ. हा जंतू सैगांच्या घशात एरवी निमूट राहत होता. त्या वर्षीच्या अवेळी उबदार, दमट हवेशी त्याच्या उसळण्याचा संबंध जोडला गेला. त्या लाखो मढ्यांच्या पाठी चाचपल्या असत्या तर बहुतेकींना चांगले गुण मिळाले असते.

फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स, त्याच जातीचा. सकाळी चरणारं जनावर संध्याकाळी मेलेलं. पोट झपाट्याने फुगतं, नाका-तोंडातून आणि गुदद्वारातून न गोठणारं काळसर रक्त येतं. असं मढं उघडायचं नाही, हा पशुवैद्यकाचा पहिला नियम. हवा लागली की जंतू बीजाणू बनवतात, आणि ते मातीत दशकानुदशकं टिकतात. कानातून रक्ताचा एक थेंब काचेवर घेऊन तपासतात, आणि मढं जाळतात किंवा चुन्यासह खोल पुरतात. शेळ्या-मेंढ्यांची पीपीआरही काही दिवसांत निकाल लावते. ताप, नाका-डोळ्यांतून पू, तोंडात व्रण, हगवण, न्यूमोनिया. भारतात तिची पहिली नोंद 1987 मध्ये तामिळनाडूत झाली. 2016-17 मध्ये मंगोलियातल्या सैगांना तिने हजारोंनी मारलं, आणि ती आली होती पाळीव कळपांकडून. ज्या माळावर धनगरांचे वाडे आणि काळवीट एकत्र, तिथे ही बाब फार लांबची नाही.

विषबाधा तर रोगही नव्हे. पाण्याचा ताण बसलेल्या कोवळ्या ज्वारीने किराळ लागते. तिच्यातलं सायनाइड काही मिनिटांत मारतं. शेतात टाकलेली थिमेटसारखी दाणेदार औषधंही तशीच. अशा हरणाचं शरीर भरलेलं, केस चमकदार, मांस पाहायला उत्तम. रोड टाकलं आणि जाड घेतलं तर मांस निर्धोक, असं समजणारा माणूस नेमका उलट्या बाजूने सावध असतो.

'खंगलेलं हरीण' म्हटलं की जगभरच्या वाचनात आता आणखी एक नाव येतं, क्रॉनिक वेस्टिंग डिसीज. 1967 मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सजवळच्या संशोधन केंद्रातल्या हरणांत तो प्रथम लक्षात आला. तो मेंदूचा आजार आहे, हे एलिझाबेथ विल्यम्स यांनी 1970 च्या दशकाच्या शेवटी दाखवलं. कारण ना जंतू, ना विषाणू; प्रिऑन नावाचं चुकीची घडी पडलेलं प्रथिन, जे शिजवूनही नष्ट होत नाही. 2016 मध्ये नॉर्वेच्या रानटी रेनडिअरमध्ये तो सापडला, तेव्हा तिथल्या सरकारने दोन हजारांवर रेनडिअरचा तो सगळा कळप मारून टाकला. पण हा रोग दर वर्षी शिंगं गळणाऱ्या कुळाचा आहे, आणि भारतात त्याची नोंद नाही. काळवीट आणि चिंकारा त्या कुळातले नाहीत. त्यामुळे पाटोद्याच्या माळावरच्या रोड चिंकाऱ्यापुढे हे नाव घेऊन घबराट करण्यात अर्थ नाही. त्या रोगाकडून घेण्यासारखी एक गोष्ट मात्र आहे. बाधित हरणं दीड-दोन वर्षं अगदी ठणठणीत दिसू शकतात, आणि निदान होतं ते मेंदूच्या देठाचा आणि घशामागच्या लसिका ग्रंथींचा तुकडा तपासल्यावरच. जिथे हा रोग रोजचा झाला आहे, तिथल्या पशुवैद्यकांनीही नजरेने ओळखण्याचा नाद सोडला आहे.

मग बीडमध्ये रोड हरणाचं मढं हाती आलं तर रीतसर काय होतं? वनपरिक्षेत्र अधिकारी पंचनामा करतात, पशुधन विकास अधिकारी शवविच्छेदन करतात. मढं ताजं असेल तर बरंच कळतं. उन्हाळ्यात अर्ध्या दिवसात आतडी आणि यकृत वाचण्याच्या पलीकडे जातात, मज्जा त्यामानाने टिकते. ऊतींचे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये, जंतू तपासायचे तुकडे बर्फात. परभणी आणि उदगीरच्या पशुवैद्यक महाविद्यालयांत आणि पुण्यातल्या औंधच्या रोग अन्वेषण प्रयोगशाळेत पुढची तपासणी होऊ शकते. सामान्य माणसाचं काम सोपं आहे. मढ्याला हात न लावणं, कुत्री दूर ठेवणं आणि वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर कळवणं.

निदानाप्रमाणे पुढची पावलं पार बदलतात, म्हणून ते नेमकं हवं. पीपीआर निघाली तर आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या शेळ्या-मेंढ्यांना लस द्यायची. जंत निघाले तर त्या गायरानावर कोणाची जनावरं किती दाटीने चरतात हे पाहायचं. नुसती उपासमार निघाली तर वनखात्याच्या पाणवठ्यात पाणी आहे का, कुरण पेटलं का, नांगरलं गेलं का, हे विचारायचं. झिजलेल्या दाढांचा म्हातारा नर निघाला तर कोणाला काहीच करायचं नसतं. पीपीआर सोडली तर उरलेल्या तिन्ही हरणांच्या बरगड्या बाहेरून सारख्याच मोजता येतात.

म्हणून वनरक्षकाकडून एका माहितीची अपेक्षा असते, जी प्रयोगशाळेला कधीच देता येत नाही. ते हरीण ज्या कळपातलं, त्यात त्या आठवड्यात किती जनावरं होती, त्यांतल्या किती जणांच्या पाठी उतरलेल्या होत्या, किती जणांचं शेपूट आणि मांड्या हगवणीने माखलेल्या होत्या, आणि माद्यांच्या मागे त्या वर्षीची पाडसं होती का. दुर्बीण घेऊन सकाळच्या उन्हात अर्धा तास बांधावर बसलं, तर यातलं बहुतेक दिसतं.